पाठीवरचं वाण

मला वजनाचा राग आहे. स्वतःच्या नव्हे, तो विषय नवऱ्यानं काढला की मी स्वयंपाकघरात निघून जाते. राग आहे तो सामानाच्या वजनाचा. कराडला एका कॉलेजात मी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळते. तिथं पावडरी मोजायचा नाजूक काटा आहे आणि संध्याकाळी सगळे पांगले की त्या काट्यावर मी माझे मोजे, चमचे, टॉर्च आणि एकदा तर साबणाची अर्धी वडी मोजलेली आहे. साबण मोजताना आमच्या शिपायानं मला पाहिलं. त्यानं फक्त दार हळूच ओढून घेतलं, आजारी माणसाच्या खोलीचं घेतात तसं.

हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. चार-पाच दिवस डोंगरातून चालायचं, झोपायचं घर आणि शिजवायची चूल पाठीवर घ्यायची, म्हणजे त्या घरात काय असावं यापेक्षा काय नसावं हेच आधी ठरवावं लागतं. घरून निघताना 'असू दे, लागेल' म्हणून टाकलेली वस्तू दुसऱ्या दिवशीच्या चढाला खांद्यात दात रोवते. माझ्या सॅकमध्ये 'असू दे' नावाचं काही नसतं. नवरा म्हणतो, तू टॉवेलसुद्धा अर्धा कापून नेतेस. नेते. अर्ध्या टॉवेलनं तोंड पुसता येतं.

आक्काचं सगळं याच्या उलट. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावी राहते, ऊस बघते, जनावरं बघते. भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, फौजेत होते. सुट्टी संपली की त्यांचा पिट्टू भरायचं काम आक्काचं. फौजेत पाठीवरच्या पिशवीला पिट्टू म्हणतात आणि आमच्या घरातही तोच शब्द आहे. माझी हवेशीर जाळीची महागडी सॅकही आक्काच्या लेखी पिट्टूच. खाली काय, वर काय, हाताशी काय, हे भाऊजींनी तिला लग्नानंतरच्या पहिल्याच सुट्टीत शिकवलं, आणि पुढच्या सुट्टीपासून ती त्यांना शिकवायला लागली. पेन्शनीत आल्यावर ते थोडीच वर्षं जगले. एका सकाळी वैरण कापता कापता बसले ते बसलेच.

त्यानंतर आक्का हळूहळू घरात शिरत गेली. तिला कुणी कुठं येऊ नको म्हणालं नव्हतं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण आमच्याकडची माणसं वाईट नाहीत. फक्त बोलावणं द्यायला आलेले लोक 'सगळ्यांनी या' म्हणायचे, 'आक्का, तुमी या' असं म्हणायचे नाहीत. लग्न असलं की ती आहेर लेकाच्या हाती पाठवायची आणि स्वतः गोठ्यात काहीतरी काम काढायची. बारशाला नाही, वास्तुशांतीला नाही. सख्ख्या भाचीच्या डोहाळजेवणालाही ती गाय व्यायला झाली म्हणून गेली नाही. गाय त्यानंतर महिन्याभरानं व्याली.

मग तिला साखर निघाली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. तपासणीसाठी ती आमच्याकडे कराडला आली, तेव्हा मी तिला आगाशिवच्या डोंगरावर नेलं. चपला घालून ती माझ्या पुढं चढली आणि वर जाऊन माझी वाट बघत बसली, याबद्दल मी तिला अजून माफ केलेलं नाही. मग सदाशिवगड झाला, मग पाटणकडचे एक-दोन डोंगर. बूट आले. एकदा गडावर शेंगा सोलत बसलो असताना ती म्हणाली, "मला लांब कुठंतरी ने की गं. चार रोज. जिथं मला कोन वळकत न्हाई."

भाऊजी गेल्यापासून तिनं स्वतःहून काहीतरी मागितलं ते हे पहिलं. मी त्याच संध्याकाळी नकाशा काढला.

मेढ्याहून चढून कासच्या पठाराला लागायचं, तिथून उरमोडीच्या खोऱ्यात उतरायचं, पुन्हा ठोसेघरला चढायचं आणि सड्यावरून, म्हणजे वरच्या उघड्या कातळपठारावरून, पवनचक्क्यांच्या रांगांतून जात पाटणच्या अंगाला उतरायचं, असं ठरलं. तंबूचं कापड माझ्याकडं, काठ्या तिच्याकडं. गॅसची छोटी शेगडी माझ्याकडं, पातेलं तिच्याकडं. भडंगाची पिशवी दोघींकडं, कारण सांगली जिल्ह्यातला माणूस भडंगाशिवाय डोंगर चढल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आक्कानं काचेच्या बरणीतून लसणाची चटणी आणली होती. मी बरणी काढून घेतली, चटणी कागदात बांधली. तिनं घोंगडं आणलं होतं. मी म्हटलं, स्लीपिंग बॅग आहे, घोंगडं कशाला? ती म्हणाली, "पिशवीत घालून झोपायला मी काय कांदा हाय व्हय?" घोंगडं आलं.

रजा मला प्रजासत्ताक दिनाला जोडून मिळाली. म्हणजे संक्रांत होऊन गेलेली आणि रथसप्तमी यायची होती. मी पाऊस पाहिला, थंडी पाहिली, चंद्र कधी उगवतो तेसुद्धा पाहिलं. पण त्या दिवसांत आमच्याकडं घरोघर हळदीकुंकू चालतं, दारात आलेली सवाशीण तशी परत पाठवत नाहीत, आणि मी सवाशीण आहे, हे काही डोक्यात आलं नाही. गळ्यात मंगळसूत्र घालून, पाठीवर ग्रॅमच्या हिशेबानं भरलेली सॅक घेऊन मी हळदीकुंकवाच्या ऐन हंगामात निघाले. असली घोडचूक करायला आमच्याच मुलखात जन्माला यावं लागतं.

पहिलं घर मेढ्याच्या वरच्या चढावर लागलं. पाणी मागायला थांबलो. घरच्या बाईनं पाणी दिलं, कुठून आलात विचारलं, दोघीच कशा विचारलं आणि मग माझ्या गळ्याकडं बघून म्हणाली, "वाइच आत या की. कुकू लावते." आक्काकडं वळून तिनं विचारलं, "आनि तुमचं मालक?"

"न्हाईत. वारलं," आक्का म्हणाली. ती कधी खोटं बोलत नाही आणि आवाजही पाडत नाही.

"बरं. बसा तुमी," बाई म्हणाली, आणि तिनं ओटा दाखवला. तिच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं. तिनं ओटा आधी पदरानं झाडलासुद्धा. मी दोन्ही सॅक आक्कापाशी ठेवल्या आणि आत गेले. आत चुलीजवळ पाट होता, हळद लागली, कुंकू लागलं, ओटीत हरभऱ्याचे घाटे, बोरं, गाजर, उसाची कांडी आणि नारळ पडला, आणि वाण म्हणून प्लॅस्टिकचा झाकणाचा डबा मिळाला. मी ट्रॅकपँटमध्ये होते, त्यामुळे ओटी स्कार्फात घेतली. बाहेर आले तर आक्का सॅकचा पट्टा हातात धरून बसली होती, एसटी स्टँडवर बसावं तशी. तिच्या तळहातावर तिळगूळ होता आणि शेजारी चहाचा कप.

"बघू काय मिळालं," ती म्हणाली. मी डबा दाखवला. "चांगला हाय. झाकान घट्ट हाय."

वाण टाकायचं नसतं, हे माझ्या आईनं माझ्या हाडांत घातलेलं आहे. बोरं खाल्ली, ऊस खाल्ला, घाटे सोलत चाललो, पण डबा आणि नारळ सॅकमध्ये गेले. पठाराला लागेपर्यंत आणखी दोन वस्त्या लागल्या. स्टीलची वाटी मिळाली. चहाची गाळणी मिळाली. आणखी एक नारळ. दुसऱ्या दिवशी फणी-आरसा, मेणाचा दिवा आणि पुन्हा एक डबा, पहिल्यापेक्षा मोठा. साबणाची वडी अर्धी करून निघालेल्या बाईच्या पाठीवर हे सगळं खुळखुळ वाजत होतं. डबे एकमेकांत बसवावेत तर झाकणं आकाराला वेगळी. आक्काची सॅक मात्र खाणं संपेल तशी हलकी होत होती.

"गावागावात वजन वाढतंय तुझं," ती मागून म्हणाली. "माझं बघ, कायच वजन न्हाई."

तिनं ते चेष्टेनं म्हटलं होतं आणि मी हसलेही. पण चार पावलं पुढं गेल्यावर ते मला लागलं आणि मग दिवसभर लागतच राहिलं. जिथं कुणी ओळखत नाही तिथं घेऊन जा म्हणाली होती ती. आणि प्रत्येक दारात पाणी हातात पडायच्या आत लोक तिला ओळखत होते. नाव माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं, तरी कुठं बसवायचं ते त्यांना बरोबर कळत होतं.

मला असल्या वेळी गप्प बसता येत नाही. पठाराच्या पलीकडच्या उतारावर एक नवं, स्लॅबचं घर लागलं. घरातली सून तरुण, शिकलेली, साताऱ्यात नोकरी केलेली. तिनं मला आत बोलावलं तेव्हा मी उंबऱ्यातच अडून राहिले आणि म्हटलं, माझ्या जाऊबाईंना लावणार असाल तर मला लावा. पोरगी जराही अडखळली नाही. "लावते की, त्यात काय," म्हणाली आणि कोयरी घेऊन सरळ बाहेर आली. मला वाटलं, झालं काम. पण आक्कानं तिचा हात मनगटाला धरून बाजूला केला. "मला नगो," एवढंच. पोरगी कोयरी घेऊन तशीच उभी, मी उंबऱ्यात उभी, आणि तिची सासू खिडकीतून बघत होती. शेवटी मला लावलं, मोजे ठेवायची जाळीची पिशवी वाण दिली, आणि आम्ही निघालो.

वाटेत आमचं भांडण झालं. मी म्हटलं, लोक द्यायला तयार आहेत, तुम्हीच घेत नाही. तुमच्याच डोक्यात ते बसलंय. ती म्हणाली, मी मागितलं होतं का तुला? मी म्हटलं, न मागता करायला नको का कुणी? ती म्हणाली, तू तुझ्या डब्यांचं बघ. दोघी बायका डोंगराच्या उतारावर हातवारे करत उभ्या, आणि खालून मेंढरं घेऊन चाललेला एक म्हातारा आम्हाला वाट देऊन आदबीनं थांबलेला. तो गेल्यावर आक्का शांतपणे म्हणाली की ठोसेघरहून साताऱ्याला एसटी जाते, ती तिथून परत जाईल. मी पुढं जावं.

एकटी चालायची मला भीती नाही, मी चालले आहे. पण आक्का त्या बसमध्ये बसली की ती थेट गोठ्यात जाऊन उतरणार आणि पुन्हा बाहेर पडणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. आगाशिवसुद्धा नाही. पुन्हा 'ने की गं' म्हणायला तिला किती वर्षं लागली असती, आणि तोवर तिचे पाय राहिले असते का, कुणास ठाऊक. तिला कसं थांबवावं ते मला कळत नव्हतं, कारण ती का निघाली आहे तेच मला नीट कळलेलं नव्हतं. मी समजत होते कुंकवासाठी.

तो मुक्काम आम्ही तंबूत केला. सकाळी उरमोडीच्या खोऱ्यात उतरलो आणि दुपारी ठोसेघरच्या चढाला लागलो. त्या चढावर माझा गुडघा गेला. तुटला-बिटला नाही, फक्त आतून कुणीतरी चिमटा घेतल्यासारखं व्हायला लागलं आणि पाय वाकेना. कारण उघड होतं. नारळ, डबे, वाट्या. आक्कानं न विचारता माझी सॅक काढून घेतली. स्वतःची पाठीवर आणि माझी उलटी, पोटावर. मधून फक्त तिचा चेहरा दिसत होता. मी चालायच्या काठ्या टेकत मागं, ती पुढं, असे आम्ही ठोसेघरच्या थांब्यावर येऊन बसलो. बस यायला अवकाश होता.

मी म्हटलं, तुम्ही जाणार असाल तर मीही येते. ती म्हणाली, तुझं कशाला अर्ध्यावर? मी म्हटलं, माझा गुडघा गेलाय, तसंही काय राहिलंय? रस्त्यावर वारा धूळ उडवत होता. मग ती बोलली, आणि बोलताना माझ्याकडं बघत नव्हती, थांब्याच्या खांबाला टेकवलेल्या सॅककडं बघत होती.

"मला कुकवाचं काय वाटत न्हाई गं. खरंच सांगते. ते लावलं की पैल्यापासनं खाज यायची मला, तुझं भाऊजी हुतं तवाबी. पर बोलत बसत्यात बायका आत. काय काय सांगत्यात, हासत्यात. भाईर ऐकू येतं, पर नीट येत न्हाई." ती थांबली. "ह्या पिट्टूसंगं मला भाईर ठेवत्यात, त्येचं वाईट वाटतं."

मला एकदम रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. दोन दिवस मी तिच्यासाठी चुकीच्या गोष्टीवरून भांडत होते. तिला कपाळाला काही नको होतं. तिला चुलीजवळ बसून दुसऱ्या बायकांच्या गप्पा ऐकायच्या होत्या, एवढंच.

बस आली. ती साताऱ्याकडून आली होती आणि पुढं जाऊन परत फिरणार होती. तिच्यातून एक बाई उतरली, हातात दोन मोठ्या पिशव्या, पिशव्यांतून स्टीलचं काहीतरी वाजत होतं. तिनं माझा पुढं ताणून ठेवलेला पाय बघितला, सुजलाय का विचारलं आणि स्वतःच वाकून दाबून बघितला. मग म्हणाली, आता कुठं जाता, माझं घर सड्यावर हाय, जवळच, पाय शेकू, मुक्काम करा आणि सकाळच्या बसनं जावा. आक्कानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, बरं. सकाळच्या बसनं जाऊ दोघी. बस फिरून परत आली तेव्हा आम्ही त्या बाईच्या मागं सड्याला लागलो होतो.

सड्यावर वारा काय असतो ते तिथं उभं राहिल्याशिवाय सांगून कळत नाही. पवनचक्क्या उगाच नाही तिथं उभ्या केलेल्या. वस्ती अशी की घरं वाऱ्याकडं पाठ करून बसलेली, दारं बुटकी, भिंती जाड. त्या बाईच्या घरी आजूबाजूच्या बायका आधीच जमल्या होत्या. ती साताऱ्याला गेली होती तीच वाण आणायला, आणि उशीर झाला म्हणून सगळ्या तिच्यावर लटकंच रागावल्या होत्या. तिनं पिशव्या आत टाकल्या, मला दंडाला धरून आत नेलं, चुलीशी बसवलं आणि वीट तापत ठेवली. मी आक्काला हाक मारायला मान वळवली. दारातून बघितलं तर ती सवयीनं ओट्यावर टेकत होती, पाठीवर एक, पोटावर एक.

मी काही बोलणार तेवढ्यात त्या बाईनं आतूनच ओरडून सांगितलं, "आवं, पिशव्या भाईर ठिवू नगा, वाऱ्यानं जात्यात! आत घेऊन या."

सामानाला बोलावणं आलं होतं. आक्का उठली, वाकली आणि आत शिरायला लागली. पण माझ्या सॅकच्या तळाशी झोपायची चटई आडवी गुंडाळून बांधलेली होती आणि दार होतं बुटकं नि अरुंद. चटईची दोन टोकं चौकटीच्या दोन्ही बाजूंना अडली. मागं जावं तर पाठीवरच्या सॅकमधून डोकावणाऱ्या तंबूच्या काठ्या वरच्या चौकटीला लागलेल्या. आक्का दारात घट्ट बसली. पुढं नाही, मागं नाही. घरात एकदम अंधार झाला, कारण उजेड यायची तेवढीच वाट होती.

मग एक म्हातारी फिदीफिदी हसायला लागली आणि तिच्यामागं सगळ्या. आक्काही हसायला लागली, आणि ती हसली की अख्खी हलते, त्यामुळे पोटावरचे डबे खडखडायला लागले. त्यावर बायका आणखी हसल्या. दोघी-तिघी उठल्या. कुणी तिचे हात धरले, कुणी सॅकचे पट्टे धरले, एकीच्या बोटाला हळद लागलेली होती ती आक्काच्या बाहीला माखली. "वाकडं हुवा, वाकडं हुवा," "न्हाई, आदी डावा खांदा," असं करत सगळ्यांनी मिळून तिला आत ओढली. चटई दाराबाहेर उडाली आणि एकजण तिच्यामागं धावली.

आत आलेल्या माणसाला मग कुणी काही विचारलं नाही. तिच्या अंगावरचं ओझं काढून कोपऱ्यात ठेवलं, कुणी पाणी दिलं, कुणी सरकून भिंतीकडं जागा केली. हळदीकुंकवाचं ताट फिरत तिच्यापाशी आलं, तेव्हा घरच्या बाईचा हात थोडा थबकला. तिनं आक्काचं कपाळ आणि गळा बघितला असणार.

"मला कुकू नगो," आक्का म्हणाली. "पर हितं बसते मी. चालंल न्हवं?"

"चालंल म्हंजी काय?" ती बाई म्हणाली. "च्या ठिवलाय तुमचा." आणि ताट पुढं गेलं.

मी चुलीच्या धुराला बोल लावून डोळे पुसले. पुढं काय झालं तर काहीच झालं नाही, गप्पा झाल्या. कुणाच्या म्हशीनं कुणाचा हरभरा खाल्ला, कुणाची सून मोबाईलवर बोलत भाकरी करपवते, पवनचक्कीची पाती ट्रकवरून आली तेव्हा वळणावर दोन दिवस कशी अडकली होती. बायकांनी आमचं सामान उघडायला लावलं. शेगडी पेटवून दाखवली, तंबू घरातच अर्धा उभा केला, त्यात दोघीजणी शिरून बसल्या. सगळं आक्का दाखवत होती, कशात काय भरायचं, खाली काय, वर काय. मी गुडघ्यावर गरम वीट धरून ऐकत होते. माझ्या पाणी गाळायच्या नळीला ती माझ्यादेखत 'ह्येला काय अर्थ न्हाई' म्हणाली, आणि मी वाद घातला नाही.

सकाळी गुडघा वाकत होता. घरच्या बाईनं त्याच्याभोवती फडकं घट्ट बांधून दिलं. बस किती वाजता, हे मी विचारलं नाही. आक्कानंही तो विषय काढला नाही, पण तिनं सॅक भरून ओट्यावर आणून ठेवली होती आणि ती रस्त्याकडं बघत होती. तिचा काय विचार चालला आहे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तेवढ्यात घरची बाई आतून आली. तिच्या हातात स्टीलची वाटी होती, वाटीत तिळगूळ आणि हळदीकुंकवाच्या पुड्या, वर फडकं बांधलेलं. म्हणाली, पाटणच्या बाजूला खाली उतरताना वाटेतली वस्ती आहे, तिथं तिची धाकटी बहीण दिली आहे. औंदा जायला जमलं नाही. तुम्ही त्याच वाटेनं जाणार होता म्हणे, तर एवढं तिला पोचवाल का? हे ती माझ्याशी नाही, आक्काशी बोलत होती. जाणूनबुजून की सहज, मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे आणि मला ठरवता आलेलं नाही.

आक्का वाटीकडं बघत राहिली. "मी दिऊ?" तिनं विचारलं.

"मग कोन? हिचा तर पाय दुखतोय," ती बाई म्हणाली. "पर येक करा. दारातनं दिऊ नगा. उंबऱ्यातनं वाण देत न्हाईत. आत जावा, बसा, ती च्या करंल त्यो घ्या, आनि मग द्या."

आक्कानं दोन्ही हातांनी वाटी घेतली. सॅक पुन्हा उघडली, घोंगड्याच्या मऊ घडीत वाटी नीट बसवली, पट्टे ओढले, बक्कल लावलं. मग सॅक पाठीवर घेऊन, रस्त्याकडं पाठ करून, ती पवनचक्क्यांच्या बाजूला चालायला लागली.

"देते," ती मागं न बघता म्हणाली. "आत जाऊन देते."